मिटला की रेंज जाते : घडीच्या फोनमधल्या अँटेनाबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे सगळ्यांना संदर्भ लागेल. नांदेडला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका पोरानं विचारलंय की त्याच्या मामानं उभ्या घडीचा फोन घेतला, म्हणजे मिटला की पंज्यात मावतो तो प्रकार. नांदेडात फोन एकदम झकास चालतो, पण मामाचं शेत किनवटकडं डोंगराच्या आड, तिथं आखाड्यावर फोन मिटून खिशात टाकला की कॉल लागतच नाही आणि उघडला की मिस्ड कॉलचे मेसेज धडाधड यायलेत. दुकानदार म्हणला सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे, अपडेट मारलं, फरक शून्य. तर हे का होतंय, अशा फोनचा अँटेना डिझाइन कसा करतात, आणि यावर प्रोजेक्ट जमेल का.

मामाला भास होत नाहीये हे आधी सांगतो. मी मोबाइलच्या अँटेनाचंच काम करतो आणि घडीच्या फोनमधे सगळ्यात अवघड जागा कोणती विचारशील तर हीच, फोन मिटलेला आणि नेटवर्क लो बँडवर. शहरात ती जागा कधी उघडी पडत नाही, गावाकडं रोज पडते.

आता लो बँड म्हणजे काय ते बघ. आपल्याकडं ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झ हे खालचे बँड, मग १८००, २१००, २३००, आणि ५जीसाठी ३३०० च्या पुढचा पट्टा. वेव्हलेंग्थ काढायची तर ३०० ला मेगाहर्ट्झनं भाग, उत्तर मीटरमधे येतं. ८५० ला साधारण ३५ सेंटीमीटर आणि ३३०० ला ९ सेंटीमीटर. अँटेना बरा चालायला किमान पाव वेव्हलेंग्थ लागते, म्हणजे ३३०० ला सव्वादोन सेंटीमीटरची पट्टी पुरते पण ८५० ला जवळपास ९ सेंटीमीटर पाहिजे, आणि मिटलेला फोनच मुळात तेवढा. उलट ताकदीचं बघ, सारख्या गेनचे (एका दिशेला ताकद एकवटायच्या सारख्याच क्षमतेचे) अँटेना धरले तर नुसत्या मोकळ्या हवेत ३३०० चा सिग्नल ८५० पेक्षा साधारण १२ डीबीनं जास्त पडतो (दर ३ डीबीला ताकद निम्मी, म्हणजे १२ ला सोळावा हिस्सा), मधे डोंगर, झाडी, माळवदाच्या घराची जाड भिंत आली की अजून. म्हणून टॉवर लांब असलेल्या गावांत खरा आधार लो बँडचाच असतो. म्हणजे गावाला ज्या बँडवर जगायचंय त्याच बँडला फोनमधे सगळ्यात जास्त जागा लागते, आणि घडीच्या फोनमधे जागेचीच मारामार.

लोकांना वाटतं अँटेना म्हणजे आतली ती छोटी पट्टी. लो बँडला ती पट्टी एकटी फारसं काही करत नाही. ती फक्त फोनच्या धातूच्या बॉडीत, म्हणजे फ्रेम, सर्किट बोर्डचा ग्राउंड, स्क्रीनच्या मागचा पत्रा या सगळ्यात करंट खेळवते आणि रेडिएशन होतं ते त्या आख्ख्या बॉडीतून. लहान अँटेनाला बँडविड्थ, एफिशियन्सी आणि आकार तिन्ही एकदम मनासारखं मिळत नाही, व्हीलर आणि चू या अँटेना संशोधकांनी अनुक्रमे १९४७ आणि १९४८ ला हे गणितानं मांडून ठेवलंय आणि कुठल्याही कंपनीला ते आजतागायत ओलांडता आलेलं नाही. त्यामुळं डिझाइन करताना पहिला सवाल पट्टी कुठं बसवू हा नसतो, बॉडीत करंट कुठून कुठं वाहवू हा असतो.

उभ्या घडीचा फोन उघडला की साधारण १६७ मिलिमीटर लांब असतो. हा आकडा डोक्यात ठेव, कारण १६७ मिलिमीटर ही ९०० मेगाहर्ट्झची बरोबर अर्धी वेव्हलेंग्थ आहे. म्हणजे उघडा फोन लो बँडला फार चांगला, कित्येक साध्या फोनपेक्षा बरा, कारण बॉडी आपणहून तिथं रेझोनेट व्हायला, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीला जोरात डोलायला, तयार बसलेली असते. मामानं फोन उघडला की रेंज येते त्याचं कारण हे.

आता मिट. वरच्या अर्ध्या भागात जो करंट वर वाहत होता तो आता खालच्या भागाच्या उरावर उलट्या दिशेनं वाहतोय, मधे अंतर एक दोन मिलिमीटर. एकाच दोराला दोन बैल विरुद्ध बाजूनं जुंपावेत तसं होतं, जोर दोघंही लावतात पण गाडी हलत नाही. लांबून बघितलं तर दोन्ही करंटचं रेडिएशन एकमेकाला खाऊन टाकतं, रेडिएशन रेझिस्टन्स (अँटेना ताकद बाहेर किती फेकू शकतो त्याचं माप) पडतो, बँडविड्थ आवळते आणि ताकद तांब्यात, स्क्रीनच्या थरांत, गोंदात उष्णता होऊन जाते.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं पण अजून एक भानगड आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मिटलेला फोन म्हणजे समोरासमोर दोन पत्रे, एका टोकाला बिजागरीनं जोडलेले, दुसऱ्या टोकाला उघडे. हे काय झालं? शॉर्ट केलेला पाव वेव्हचा स्टब, म्हणजे एका टोकाला बंद, पाव वेव्हलेंग्थ लांबीचा आणि ठराविक फ्रिक्वेन्सीला ताकद धरून ठेवणारा तुकडा. लांबी साधारण ८५ मिलिमीटर धर, गणित कर, रेझोनन्स येतो ८८० मेगाहर्ट्झला, नेमका आपल्या ८५० आणि ९०० च्या मधोमध, आणि मधे काच, प्लास्टिक असल्यामुळं प्रत्यक्षात तो अजून खाली सरकून ७०० च्या वाटेवर जातो. म्हणजे मिटवला की फोन स्वतःच आत एक सापळा तयार करतो, अँटेनानं दिलेली ताकद त्या दोन पत्र्यांच्या मधे अडकून फिरत बसते. ही गोष्ट नुसत्या उघड्या फोनच्या सिम्युलेशनमधे कधीच दिसत नाही.

जुन्या फ्लिप फोनला हा त्रास का नव्हता हा प्रश्न येईलच. १९९६ च्या मोटोरोला स्टारटॅकला बाहेर ओढायचा अँटेना होता, बॉडी प्लास्टिकची होती. २००४ च्या रेझरमधे अँटेना आत गेला पण तो खालच्या टोकाला हनुवटीसारखा फुगवटा दिला होता त्यात, वरचं झाकण मिटलं तरी तो भाग मोकळाच राहायचा. आणि त्या फोनला बँडही मोजकेच सांभाळायचे होते. आजच्या फोनला तेवढ्याच जागेत २जी, ४जी, ५जीचे डझनावारी बँड, चार चार अँटेनाचा मिमो (एकाच वेळी अनेक अँटेनांनी डेटा देणं-घेणं), वायफाय, ब्लूटूथ, जीपीएस, आणि वरून मिटल्यावर हनुवटी नको, फट नको, दोन्ही बाजू सपाट चिकटल्या पाहिजेत. दिसायला भारी, अँटेनावाल्याच्या जिवावर.

पुस्तकासारखा उघडणारा फोन यात थोडा नशिबवान. त्याची बिजागरी लांबीच्या बाजूनं असते, त्यामुळं मिटला तरी लांबी १६० मिलिमीटरच्या आसपास तशीच राहते आणि लांबीच्या दिशेचे करंट दोन्ही भागांत एकाच दिशेनं वाहवता येतात. पत्र्यांमधला सापळा त्यालाही असतो पण रुंदी कमी म्हणून तो वरच्या फ्रिक्वेन्सीला असतो. लांब टॉवरच्या गावात राहणाऱ्यानं मला विचारलं तर मी पुस्तकवाला घे म्हणून सांगेन, बजेट बसत असेल तर.

आता डिझाइनमधे यावर करतात काय. एखाद्या घडीच्या फोनची धातूची फ्रेम नीट निरखून बघ, जागोजागी एक दीड मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या रेघा दिसतील. त्या शोभेच्या नाहीत, फ्रेमचे तुकडे करून प्रत्येक तुकडा अँटेना म्हणून वापरलाय आणि ती रेघ म्हणजे त्याचं उघडं टोक, तिथं व्होल्टेज सगळ्यात जास्त. आता फोन हळूच मिटव आणि वरच्या भागाच्या रेघा खालच्या भागाच्या रेघांवर बरोबर बसतात का बघ. चांगल्या डिझाइनमधे बसतात. नाही बसल्या तर खालच्या रेघेच्या डोक्यावर वरच्या फ्रेमचा अखंड धातू येतो, कपॅसिटन्स वाढतो आणि अँटेनाची फ्रिक्वेन्सी पार खाली घसरते. रेघा जुळवल्या की समोरचा तुकडा आडवा येत नाही, उलट त्याला योग्य लोड देऊन तोही सोबतीला रेझोनेट करता येतो, म्हणजे शत्रूलाच कामाला लावायचं. हे जमलेलं डिझाइन बघायला मला फार आवडतं.

दुसरी जागा बिजागरी. यंत्रवाल्यांच्या नजरेत ती फिरणारी वस्तू, आपल्या नजरेत दोन ग्राउंडना जोडणारा पूल. पूल कुठं जोडलाय, एका बिंदूत का चार बिंदूत, यावर तो सापळ्याचा रेझोनन्स कुठं पडणार ते ठरतं, त्यामुळं बिजागरीच्या दोन्ही टोकांना पक्के ग्राउंड देऊन तो वापरातल्या बँडच्या बाहेर ढकलतात. पक्के म्हणजे खरंच पक्के, कारण फिरणाऱ्या धातूचा नुसता टेकून राहिलेला कॉन्टॅक्ट कधी लागतो कधी सुटतो, आणि अर्धवट टेकलेले, गंजलेले, तेल लागलेले जोड फोनच्याच ट्रान्समीटरच्या सिग्नलमधून नको त्या फ्रिक्वेन्सी तयार करून रिसीव्हरच्या कानात ओततात. म्हणून स्प्रिंग कॉन्टॅक्ट, कंडक्टिव्ह फोम असले प्रकार घालतात. बिजागरीतून जाणारी फ्लेक्स केबल हा वेगळाच विषय, स्क्रीनचा हायस्पीड डेटा तिच्यातूनच जातो आणि त्याचा नॉइज गळून थेट अँटेनात शिरू शकतो, त्यामुळं तिचं शील्डिंग आणि अँटेनापासूनचं अंतर दोन्ही सांभाळावं लागतं.

तिसरी गोष्ट ट्यूनर. अँटेनाच्या पायाशी आणि मधे छोटे आरएफ स्विच असतात, त्यातून वेगवेगळे कॉइल कपॅसिटर जोडले जातात. फोन उघडा का बंद हे चुंबक आणि हॉल सेन्सर सांगतो, अर्ध्या घडीचा कोन दोन्ही भागांतल्या मोशन सेन्सरवरून कळतो, आणि मोडेम त्याप्रमाणं टेबलातून सेटिंग उचलतो, उघडा असताना ८५० ला हे, मिटल्यावर ते. ट्यूनर लई कामाचा पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. तो घसरलेला रेझोनन्स परत जागेवर आणतो, मरून गेलेलं रेडिएशन परत आणत नाही. एस११, म्हणजे अँटेनावरून किती सिग्नल परत फिरतो त्याचा आलेख, त्याचा खड्डा सुंदर दिसतो म्हणून खूश होणारे लई बघितलेत, ताकद अँटेनात शिरली एवढंच त्या खड्ड्यावरून कळतं, ती बाहेर पडली का आतच जळाली हे कळत नाही. डमी लोडचाही, म्हणजे सगळी ताकद नुसती उष्णता करून टाकणाऱ्या रेझिस्टरचाही, एस११ झकास असतो.

मिमोबद्दल थोडक्यात, उघड्या फोनमधे चार कोपऱ्यांत लांब लांब असलेले अँटेना मिटल्यावर एकमेकाच्या डोक्यावर येतात, आयसोलेशन (एकाचा सिग्नल दुसऱ्यात न शिरणं) पडतं, स्पीड कमी होतो. कॉलला यानं फार फरक पडत नाही म्हणून इथं जास्त लिहीत नाही.

एसएआर, म्हणजे शरीर किती रेडिएशन शोषतं त्याचं माप, त्याचं मात्र सांगायला पाहिजे. आपल्याकडं १ सप्टेंबर २०१२ पासून शरीरात शोषल्या जाणाऱ्या रेडिएशनची मर्यादा १ ग्रॅम टिश्यूवर किलोला १.६ वॅट आहे. ४जीवर फोन साधारणपणे जास्तीत जास्त २०० मिलिवॉट फेकतो आणि अंगाला चिकटलाय असं सेन्सरला कळलं की ती पॉवर गरजेप्रमाणं कमी केली जाते. हे बरोबरच आहे, यात काटकसर नको. पण मिटलेला फोन खिशात म्हणजे अँटेना कमजोर, वरून अंगानं सिग्नल खाल्ला, वरून पॉवर कमी, हे तिन्ही एकदम होतं. आणि कॉल यायला नुसतं टॉवरचं ऐकून भागत नाही, फोनला टॉवरपर्यंत उत्तर पोचवावं लागतं. टॉवरकडं मोठी पॉवर आहे, मोठे अँटेना आहेत, फोनकडं हे २०० मिलिवॉट. कमजोर जागेत आधी तुटतो तो बहुतेक वेळा हा परतीचा रस्ता, त्यामुळं स्क्रीनवर एक दांडी दिसत असतानाही कॉल लागत नाही.

नांदेडात का चालतं ते आता आकड्यात बघ. समजा उघड्या फोनची लो बँडची एफिशियन्सी उणे ४ डीबी, म्हणजे दिलेल्यातली ४० टक्के ताकद बाहेर पडते, आणि मिटल्यावर उणे ८, म्हणजे १६ टक्के. चार डीबी गेले. शहरात आरएसआरपी, म्हणजे फोनला मिळालेल्या टॉवरच्या सिग्नलची डीबीएममधली ताकद, उणे ८५ असेल तर उणे ८९ झाला, कुणाला पत्ताही लागत नाही. आखाड्यावर उणे ११६ असेल तर उणे १२० झाला, खेळ खल्लास. म्हणून मी म्हणतो की या फोनचे रिव्ह्यू शहरात बसून केलेले असतील तर नेटवर्कच्या बाबतीत त्यांचा आपल्याला काडीचा उपयोग नाही, आपल्या किनवटला, माहूरला, बालाघाटच्या कडेकपारीत मिटलेल्या अवस्थेत काय होतं ते बघितल्याशिवाय बोलू नये. लॅबमधेही तसंच, रेडिओ लहरी न परतणाऱ्या चेंबरमधे उघडा, मिटलेला, अर्धा, हातात, खिशाच्या जागी, कानाला असं प्रत्येक अवस्थेचं वेगळं मोजमाप झालं पाहिजे, आणि मिटलेल्या लो बँडचा आकडा सगळ्यात आधी मागावा.

मामासाठी. आधी डिझाइनची मर्यादा आहे का बिघाड ते ओळख. *#*#४६३६#*#* डायल करून (काही फोनवर हे चालत नाही) किंवा सेटिंगमधे अबाउट फोनच्या सिम स्टेटसमधे डीबीएममधे सिग्नल दिसतो, एका जागी फोन टेबलावर ठेवून बघ, मग बिजागरी एकदम हळूहळू फिरवत ने. आकडा सगळीकडं जवळपास तसाच आणि पूर्ण मिटायच्या जवळ आल्यावरच दर वेळेला सारखा पडत असेल तर ती डिझाइनची मर्यादा. मधल्याच एखाद्या कोनाला आकडा उडी मारत असेल, परत त्याच कोनाला नेलं तर कधी होतं कधी होत नाही, तर बिजागरीचा ग्राउंड नाहीतर फ्लेक्स गेलाय, फोन कधी पडला होता का विचार. आकडा अपडेट व्हायला काही सेकंद जातात, घाई करू नको. पूर्ण मिटल्यावर बाहेरच्या छोट्या स्क्रीनवर आकडा दिसत नसेल तर सिग्नलची नोंद ठेवणारं ॲप चालू ठेवून पाच मिनिटं मिटून ठेव.

कव्हर काढून हीच टेस्ट परत कर. चुंबकाची रिंग असलेलं किंवा धातूची पट्टी असलेलं कव्हर दोन्ही बाजूनं मारतं, एक तर रेघांवर धातू येतो, दुसरं म्हणजे चुंबकानं हॉल सेन्सर फसला तर फोन उघडा असून मिटलेल्याचं सेटिंग लागू शकतं. डिझाइनचीच मर्यादा निघाली तर आखाड्यावर फोन मिटून खिशात न ठेवता उघडा करून, पत्र्याच्या शेडच्या बाहेर, उंचावर ठेवायचा. ५जी तिथं नावाला येऊन जाऊन करत असेल तर नेटवर्क ४जीवर ठेव, फोनची धरसोड तरी थांबते. घरी ब्रॉडबँड असेल तर वायफाय कॉलिंग चालू कर. आणि बिघाड निघाला तर सर्व्हिस सेंटरला रेंज नाही एवढंच सांगू नको, अमुक कोनाला इतका आकडा, मिटल्यावर इतका, असं लिहून दे, नाहीतर ते फोन उघडून बघतील, फुल दांड्या दिसतील आणि परत करतील.

आता प्रोजेक्ट. नक्की जमेल आणि फार मोठा खर्च नाही. ८५ बाय ७२ मिलिमीटरचे दोन कॉपर क्लॅड तुकडे घे, बिजागरीच्या जागी कॉपर टेप, आधी एकाच जागी जोड मग दोन्ही टोकांना जोड, मधे २ मिलिमीटरचा फोम. एका टोकाला १० मिलिमीटर कॉपर खरवडून तिथं इन्व्हर्टेड एफ अँटेना (आडव्या पडलेल्या एफ अक्षराच्या आकाराची पट्टी) ८५० ला बसव. ओपनईएमएस हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात आधी सिम्युलेट कर आणि मग नॅनोव्हीएनए या अँटेना मोजायच्या छोट्या यंत्रावर बघ, हातानं घडी मिटत गेलास की एस११ चा खड्डा सरकताना आणि आवळताना डोळ्यासमोर दिसेल, पुस्तकात वाचून हे असं कळत नाही. मग टेपचे जोड बदलून बघ, समोरच्या तुकड्याला फट पाडून बघ, काय सुधारतं त्याची नोंद ठेव.

यात मोजणीची एक गोम आहे. लो बँडला नॅनोव्हीएनएची केबल स्वतःच अँटेनाचा भाग होते, तिच्या बाहेरच्या जाळीवरून करंट पळतो आणि एवढ्याशा बोर्डला लांबच लांब शेपूट लागल्यासारखं रीडिंग खोटं चांगलं येतं. केबलला हात लावून बघ, ट्रेस हलला तर समजायचं केबल रेडिएट करतेय. बोर्डपासून जवळ फेराइट क्लिप लाव नाहीतर पाव वेव्हचा स्लीव्ह बालून (केबलच्या बाहेरचा करंट अडवणारी धातूची नळी) बनव, आणि केबल करंट कमी असलेल्या जागेतून काटकोनात बाहेर काढ.

एफिशियन्सीचा अंदाज घ्यायला चेंबर लागतंच असं नाही. कॉलेजच्या मैदानावर लाकडी स्टुलावर बोर्ड ठेव, तीन मीटरवर एक साधा डायपोल, दोघांमधला एस२१, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडं किती सिग्नल पोचतो ते, मोज. बोर्ड उघडा आणि मिटलेला, दोन्ही वेळा स्टूल, अंतर, केबल काहीही न हलवता. मिटल्यावर पॅटर्न बदलतो त्यामुळं एकाच दिशेचं रीडिंग घेऊन निष्कर्ष काढू नको, बोर्ड ३० ३० अंशांनी फिरव, आडवा उभा दोन्ही पोलरायझेशनला घे. आणि सरासरी थेट डीबीत काढू नको, प्रत्येक रीडिंग आधी साध्या पॉवर रेशोत आण, त्याची सरासरी काढ, मग परत डीबीत ने. उघड्या आणि मिटलेल्या सरासरीतला जो फरक निघेल तो मामाच्या खिशात हरवणाऱ्या डीबींच्या बराच जवळचा असेल, अंगानं खाल्लेले सोडून.